निळ्या पेटीची शेजारीण

मी जन्मले तेव्हाच जुनी होते, मित्रांनो. माझी लाकडे एका मोडक्या कपाटाची. त्या कपाटाने तीस वर्षे एका घराचे कपडे सांभाळले. मग त्याचा एक पाय गेला, मागची फळी फुगली आणि ते जिन्याखाली जाऊन उभे राहिले. एके दिवशी सुताराने त्याला तिथून ओढून काढले, फळ्या सोडवल्या, रंधा मारला, आणि त्यातून मी झाले. माझ्या डाव्या कुशीवर कुलपाचे भोक होते. त्यात त्याने लाकडाची खुंटी ठोकली. मी मधमाश्यांची पेटी आहे, म्हणजे माणसांनी मधमाश्यांना राहायला दिलेले घर.

आपली कहाणी सांगताना वस्तूंनी आपली सेवा सांगावी, झिजणे सांगावे, अशी रीत आहे. तेही मी सांगेन. पण आधी एक गोष्ट कबूल करते. माझ्या आयुष्याचा मोठा भाग मी शेजारच्या पेटीवर जळण्यात घालवला. लाकडाने जळू नये, हे मला कळते. तरी जळले.

मी ज्या घरात आले ते दोन मजल्यांचे होते. खाली थोरला भाऊ राहायचा, तोच सुतार. त्याची बायको शिवणकाम करायची. तिचे यंत्र रस्त्याकडच्या खिडकीत होते आणि तिच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या असायच्या. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ. तो मालाचा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. घरात एकीला थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. मीही तसेच म्हणते.

या दोघी जावा कधी भांडत नसत. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. एकीने पडदे बदलले की आठवड्याभरात दुसरीचे बदलत. एकीच्या कुंडीत फूल आले की दुसरी आपल्या कुंडीतली माती उकरून बघे. तोंडावर मात्र दोघींच्या साखर.

थोरलीला माश्यांचे वेड लागले ते असे. जिन्याजवळ विजेच्या मीटरची खोपटी होती, तिच्यात मधमाश्यांनी पोळे केले. शेजारी म्हणाले, पेटवून द्या. पण कोणीतरी एका म्हाताऱ्या मास्तरांना बोलावले. ते शाळेतून निवृत्त झाल्यावर माश्या पाळायचे, म्हणून सगळे त्यांना माशीमास्तर म्हणत. मास्तरांनी बाह्या वर केल्या, उघड्या हातांनी पोळे कापले आणि माश्या ओंजळीतून आपल्या पेटीत सोडल्या. एकही चावली नाही. थोरली दारात उभी राहून बघत होती. तिच्या ओठांतल्या टाचण्या कधी खाली पडल्या हे तिला कळलेही नाही.

"मला द्याल या?" तिने विचारले.

"पेटी करून घ्या, मग बघू," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मापांची चिठ्ठी लिहून दिली.

त्या चिठ्ठीवरून सुताराने मला घडवले. माझ्या पोटात आठ चौकटी टांगल्या. या चौकटींवर माश्या मेणाची पोळी बांधतात. चिठ्ठीत लिहिले होते की चौकट आणि भिंत यांच्यात पेन्सिलीच्या जाडीएवढी फट ठेवा. सुताराचा हात मोठा उदार. त्याने अंगठ्याएवढी ठेवली.

"अहो, मास्तरांनी पेन्सिल लिहिलंय," थोरली म्हणाली.

"अगं, चार बोटं हवा खेळली तर त्यांना बरंच वाटेल. मला शिकवू नकोस, मी दारं-खिडक्या करतो."

अशा रीतीने मला गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ठेवले. माझे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढू नयेत. आणि एका संध्याकाळी मास्तरांनी त्या मीटरच्या खोपटीतल्या माश्या माझ्यात सोडल्या.

मित्रांनो, रिकाम्या पोटात पहिल्यांदा गुणगुण भरते, तेव्हा काय वाटते हे मी तुम्हाला कसे सांगू? मी कपाट असताना माझ्यात नुसते कपडे होते. कपडे गप्प असतात. आता माझ्या प्रत्येक फळीला थरथर होती. मी मनात म्हटले, आपण उगीच नाही मोडलो.

पण थोरलीला धीर निघेना. मास्तरांनी बजावले होते, "नऊ दिवसांतून एकदा उघडायची. त्याहून जास्त नाही." ती दिवसातून दोनदा उघडायची. चुलीवरच्या भांड्याचे झाकण जसे पुन्हा पुन्हा उचलून बघावे, तसे माझे झाकण उचलायची. शिवण उसवून पुन्हा घालायची सवय होती तिला, तेच तिने माझ्याशी केले. माश्यांना गप्प करायला थोडा धूर देतात, तोही ती इतका द्यायची की खालच्या मजल्यावर सुतार खोकायचा.

आणि त्या अंगठ्याएवढ्या फटीचे काय झाले? माश्यांना जास्तीची जागा रिकामी ठेवता येत नाही. त्यांनी त्या फटीत आडवीतिडवी पोळी बांधली आणि माझ्या चौकटी भिंतींना चिकटवून टाकल्या. चौथ्या दिवशी थोरलीने एक चौकट जोर लावून ओढली. पोळे मधोमध तुटले. मध गळला, अळ्या पडल्या, आणि माश्यांनी तिच्या मनगटावर तीन डंख केले. एक डंख बसला की त्याच्या वासाने बाकीच्या तिथेच धावतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ती झाकण तसेच टाकून जिन्यावरून पळाली. वरच्या मजल्याच्या दारात धाकटी उभी होती. तिने डंख काढून दिले, औषध लावले, सगळे नीट केले. पण मला गच्चीवरून ऐकू आले. दार लागल्यावर ती हसली होती.

अकराव्या दिवशी सकाळी माझ्या माश्या निघून गेल्या. सगळ्या. एकही मागे राहिली नाही.

मास्तर आले, माझ्यात डोकावले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या घरी पाहुणा आला आणि तुम्ही दर तासाला त्याचं पांघरूण काढून 'झोपलात का?' म्हणून विचारलंत, तर तो राहील का?"

 थोरलीने माझे झाकण लावले आणि पुढचे कितीतरी दिवस ती गच्चीवर आली नाही.

मग निळी आली.

धाकटीने ती विकत आणली. कारखान्यात बनलेली, आकाशी निळ्या रंगाची, वर पत्र्याचे चकचकीत छप्पर. प्रत्येक फट पेन्सिलीएवढी, एका केसाचा फरक नाही. तिला माझ्यापासून दोन हातांवर ठेवली. मास्तरांनी दुसरीकडून आणलेल्या माश्या तिच्यात सोडल्या. धाकटीचा हात दवाखान्यातला, शांत आणि नेमका. ती नऊ दिवसांनी यायची, जेवढे बघायचे तेवढे बघायची, झाकण असे लावायची की आवाजही होत नसे.

आणि निळी भरभराटली. तिच्या दारात दुपारी इतकी ये-जा असायची की शेजारच्या गच्चीवरून लोक बघायचे. ट्रकवाला धाकटा भाऊ घरी आला की आपल्या मित्रांना वर आणायचा. "बघा, हिची पेटी!" सगळे निळीपाशी उभे राहायचे. एक जण तर माझ्यावर बसला. माझ्यावर, मित्रांनो! मी बसायचे खोके आहे असे त्याला वाटले.

मला काय मिळाले? कपडे वाळत घालायचे चिमटे. थोरलीने ते माझ्यात ठेवायला सुरुवात केली. एका कोपऱ्यात कोळ्याने जाळे केले. उरलेल्या पोळ्यांत पतंगाच्या अळ्या शिरल्या आणि त्यांनी माझे मेण कुरतडले. पलीकडे रात्रंदिवस गुणगुण, आणि माझ्यात चिमट्यांचा खडखडाट. मी निळीच्या दाराकडे बघायची. तिथून निघालेली प्रत्येक माशी माझ्यावरून उडून जायची, एकही थांबायची नाही. मी मनात म्हणायची, रंग उडेल तुझा. पत्रा गंजेल. एक दिवस तुझ्याही जातील आणि मग तुझ्यातही चिमटे पडतील.

थोरलीचीही तीच गत होती. पहिला मध निघाला तेव्हा धाकटीने एक बरणी खाली नेऊन दिली. थोरली "अगंबाई, किती छान," म्हणाली आणि तिने ती बरणी फडताळात सगळ्यात मागे, डब्यांच्या आड ठेवली. उघडली नाही. कपडे काढायला ती गच्चीवर आली की चिमटे माझ्यात जरा जोरानेच टाकायची. "आम्हाला कुठलं बाई जमायला," ती कोणी नसताना म्हणायची. कोणाला म्हणायची? मलाच असेल. दुसरे कोण होते तिथे?

एके दिवशी सकाळी, उन्हे चांगली वर आल्यावर, निळीचा आवाज बदलला. आधी तो जाड झाला, मग उकळी फुटावी तसा झाला. आणि तिच्या दारातून माश्या बाहेर पडू लागल्या. एकेक करून नाही, भांडे उतू जावे तशा. गच्ची काळी झाली. हवा भिरभिरली.

धाकटी दवाखान्यात होती. गच्चीवर थोरली कपडे वाळत घालत होती.

मला वाटले, झाले! माझे म्हणणे खरे झाले. मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याची आजही लाज वाटते. आणि मी थोरलीकडे पाहिले. ती ओला टॉवेल हातात धरून उभी होती. तिने हाक मारली नाही, ती हलली नाही. त्या टॉवेलातून पाण्याचे थेंब गळत होते आणि ती नुसती बघत होती. तिच्या मनात काय चालले होते हे माझ्याइतके कोणाला कळणार?

मग टॉवेल खाली पडला. ती जिन्याकडे धावली आणि ओरडली, "अहो! मास्तरांना फोन करा! धाकटीच्या माश्या चालल्या!"

माश्या दूर गेल्या नाहीत. दोरीवर धाकटीचा दवाखान्याचा पांढरा गणवेश वाळत होता. त्याच्या एका बाहीला त्या येऊन लटकल्या. एकीला एक धरून, एवढा मोठा घोस झाला की दोरी खाली झुकली. मास्तर आले, त्यांनी त्या बाहीकडे पाहिले आणि ते हसायला लागले.

"पळून नाही चालल्या या. घर फुटलंय त्यांचं."

"म्हणजे?" थोरलीने विचारले.

"माश्या वाढल्या, जागा पुरेना. मग म्हातारी राणी अर्ध्या माश्या घेऊन बाहेर पडते. नवी राणी मागे त्याच घरात राहते."

थोरलीने त्या घोसाकडे वर पाहिले. "म्हणजे आई भरलं घर लेकीला देते आणि आपण रस्त्यावर येते?"

"अगदी तसंच. आपल्याला वाटतं लेक बाहेर पडत असेल. इथं आई पडते. आता यांना घर हवं. पेटी आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. चिमटे ओतले गेले. कोळ्याचे जाळे निघाले. सुताराने माझ्या भिंती खरवडल्या, दोन्ही बाजूंना आतून लाकडाची पट्टी ठोकली आणि पेन्सिल घालून फट मोजली. या वेळी तो हवेबद्दल काही बोलला नाही. मास्तरांनी गणवेशाची बाही माझ्यावर धरली, एक झटका दिला, आणि तो सगळा घोस माझ्या पोटात पडला.

धाकटी घरी आली तेव्हा झाकण लागले होते. तिने आपल्या गणवेशावरची मेणाचे ठिपके पाहिले, मग निळीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"माझ्या माश्या तुमच्या पेटीत," ती म्हणाली.

"मग काय दोरीवर ठेवायच्या होत्या?" थोरली म्हणाली.

"तसं नाही, ताई. राहू देत. पण तुम्ही उद्या उघडाल."

हा घाव नेमका बसला. थोरली तडक खाली गेली. तासाभराने ती जाड कापडाचा एक पट्टा शिवून घेऊन आली. तिने तो माझ्या झाकणावरून आणि अंगावरून गुंडाळला. त्याला नऊ बटणे होती. दिवसाला एक बटण काढायचे, नववे निघाले की झाकण उघडायचे. रोज सकाळी ती वर यायची, एक बटण काढायची, माझ्या भिंतीला कान लावायची आणि हात मागे बांधून निघून जायची. हात मागे बांधल्याशिवाय तिला ते जमत नसे.

आणि माश्या राहिल्या. म्हातारी राणी कसलेली होती. नवव्या दिवशी झाकण उघडले, तेव्हा माझ्या मधल्या चौकटीवर अंडी होती. थोरलीने पहिल्यांदा ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "अगंबाई, पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे कापून ठेवल्यासारखे!" आता गच्चीवर येणारे माझ्यापाशी थांबू लागले. मी निळीकडे मुद्दाम पाहत नसे. पाहायचे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून, आणि मनात म्हणायचे, कसे वाटते?

पण निळीकडे काहीतरी बिघडत होते. तिच्या दारातली गर्दी विरळ झाली. तिचा आवाज पूर्वी भरलेला असायचा, आता त्यात एक लांब, पोकळ कण्हणे आले. साडेतीन आठवड्यांनी धाकटीने मास्तरांना बोलावले. त्यांनी एकेक चौकट वर काढली. कुठेही अंडे नाही, अळी नाही.

"राणी नाही," मास्तर म्हणाले. "नवी राणी अंडी घालायच्या आधी एकदा उडायला जाते. ती गेली आणि परत आली नाही. पाखराने टिपली असेल."

"मग आता?"

"आता आहेत त्या माश्या म्हाताऱ्या होतील आणि संपतील. पण एक उपाय आहे. दुसऱ्या पेटीतली ताजी अंडी असलेली एक चौकट यांना दिली, तर त्या अंड्यांतल्याच एखादीला खास खाऊ घालून या राणी करतील."

"कुठल्याही अंड्यातून राणी होते?" धाकटीला खरे वाटेना. "मला वाटलं राणी जन्मालाच राणी येते."

"राणीचं आणि कामकरी माशीचं अंडं एकच असतं. फरक नंतरच्या खाऊत. माझ्या पेट्या सध्या लांब शेतांवर आहेत, पोचायला आठवडा जाईल. तेवढा वेळ यांच्याकडे नाही. तुमच्या जाऊबाईंकडून घ्या."

मास्तर गेले. धाकटी निळीपाशी बसून राहिली. थोरली जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिने सगळे ऐकले होते, आणि धाकटीला ते माहीत होते. पण धाकटीने मागितले नाही, आणि थोरलीने देऊ केले नाही. दोघी एकामागून एक खाली गेल्या.

दोन दिवस असेच गेले. खाली यंत्र खडखडत होते, वर भांडी वाजत होती. सुताराने एकदा विषय काढला.

"अगं, देऊन टाक ना एक चौकट. सात उरतील."

"तिनं मागितली का?"

"नाही."

"मग?"

"मग काय! जावाजावांचा हेवादावा, आणि मरायचं माश्यांनी," असे पुटपुटत तो रंधा उचलून गेला.

मित्रांनो, त्या दोन दिवसांत माझ्या मनात काय होते ते सांगते. पहिल्या दिवशी मी म्हणत होते, होऊ दे रिकामी. मी झाले होते तेव्हा कोणाला काय वाटले? दुसऱ्या दिवशी निळीच्या काही माश्या माझ्या दाराशी आल्या. पोटात मध होता त्यांच्या, पण राणी नसलेले घर त्यांना घर वाटेनासे झाले होते. माझ्या पहारेकरणींनी त्यांना हुंगले आणि आत घेतले. एकही भांडली नाही. तेव्हा माझ्या जड डोक्यात उजेड पडला. त्या बहिणीच होत्या. माझ्यातली म्हातारी राणी त्या दोन्ही घरांची आई होती. मी जिच्यावर जळत होते, तिच्याच घरातून माझ्या घरात जीव आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली वर आली. पट्ट्याची अजून चार बटणे लागलेली होती. तिने ती चारही एकदम काढली. मग जिन्यातून हाक मारली, "धाकटे, वर ये. हात नुसत्या पाण्याने धुऊन ये, दवाखान्याच्या साबणाचा वास नको."

धाकटी आली. दोघींनी जाळीच्या टोप्या घातल्या. थोरलीने धूर दिला, अगदी थोडा.

"दोन चौकटी देते," ती म्हणाली.

"मास्तरांनी एक सांगितली होती, ताई."

"एकीवर अंडी आहेत. दुसरीवर फुटायला आलेली पिल्लं. नुसती राणी वाढवून काय होतं? घरात हात नकोत?"

तिने पिल्लांची चौकट काढली, माश्या माझ्यातच झटकल्या आणि ती धाकटीकडे दिली. मग तिने माझी मधली चौकट उचलली. माझी सगळ्यात चांगली, मित्रांनो, अंड्यांनी काठोकाठ भरलेली. मला पोटातून काहीतरी उपसल्यासारखे झाले. आणि मला एक भयंकर गोष्ट दिसली. त्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, माश्यांच्या गर्दीत, म्हातारी राणी चालत होती.

थोरलीला ती दिसली नव्हती. राणी शोधायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तिची नजर अंड्यांवर होती. तिने चौकट अलगद धाकटीच्या हातात दिली.

"झटकू का माश्या?" धाकटीने विचारले.

"राहू देत थोड्या. तशीच ठेव आत."

धाकटीने चौकट उन्हाकडे वळवली. आणि तिचे बोट थांबले. तिला राणी दिसली. मी शपथेवर सांगते, दिसली. तिने काही न बोलता ती चौकट निळीत ठेवली असती, तर महिनाभर थांबायला नको, नवी राणी वाढवायला नको. तिचे घर त्याच क्षणी पूर्वीसारखे झाले असते, आणि मी पुन्हा चिमट्यांची पेटी झाले असते. कोणालाही कळले नसते. मला ओरडता येत नाही. मी नुसती लाकूड होऊन बघत राहिले.

एक श्वास गेला. दुसरा गेला.

"ताई," धाकटी म्हणाली, "थांबा. राणी याच चौकटीवर आहे."

थोरलीने वाकून पाहिले.  दोघींनी मिळून, एकीने चौकट धरून आणि दुसरीने पिसाने हळूच ढकलून, राणीला पुन्हा माझ्यात उतरवले. मग ती अंड्यांची चौकट निळीत गेली. माझ्या पोटात दोन रिकाम्या चौकटी आल्या. झाकणे लागली. दोघी टाकीच्या सावलीत बसल्या. जाळीच्या टोप्या काढून त्यांनी मांडीवर ठेवल्या.

"त्या दिवशी तुझ्या माश्या उठल्या ना," थोरली म्हणाली, "तेव्हा मी लगेच हाक नाही मारली. उभी राहिले. जाऊ देत म्हटलं."

धाकटी जाळीच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत होती. "तुमच्या गेल्या तेव्हा मी दार लावून हसले होते," ती म्हणाली. "आणि आता... मीसुद्धा लगेच नाही बोलले."

"किती वेळ?"

"दोन श्वास."

"मी जास्त वेळ उभी होते," थोरली म्हणाली. आणि मग कोण आधी हसले ते मला सांगता येणार नाही, पण सुतार खालून "काय झालं? चावली का?" म्हणून ओरडला.

पुढचे लवकर सांगते. निळीच्या माश्यांनी त्या अंड्यांवर भुईमुगाच्या शेंगेसारखी एक कोठडी बांधली. सोळाव्या दिवशी तिच्यातून नवी राणी बाहेर आली. ती उडायला जायची त्या आठवड्यात दोघी जावा रोज दुपारी पाखरे हाकलायला गच्चीवर बसत. मास्तर म्हणाले, त्याने काही होत नाही, आकाश केवढे, तुम्ही किती हाकलणार? तरी त्या बसत. राणी परत आली. महिन्याच्या शेवटी निळीत अंडी दिसली. माझी अंडी म्हणा, तिची म्हणा. फडताळातली ती मागची बरणीही त्या दिवशी उघडली गेली, आणि मध घट्ट बसल्यामुळे चमचा वाकला.

आता माझे वय झाले आहे. माझ्या दोन फळ्या बदलल्या आहेत आणि पावसाच्या बाजूला मला भेगा पडल्या आहेत. सुतार त्यांत मेण भरतो. निळीचा रंगही उडाला आहे. पण पाहुणे वर आले की आधी तिच्याकडेच जातात, आणि ते दिसले की माझ्या फळ्या अजून जराशा ताठ होतात. जळणे सगळे गेले असे मी म्हणणार नाही. मी तुमच्याशी खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, तुम्ही कधी माश्या पाळायला शिकलात तर तुमच्या हातून चुका होतील, त्याला भिऊ नका. पेटी सारखी उघडू नका. ऐकायला शिका, कान लावला की पुष्कळ कळते. जुनी पेटी फेकू नका, तिच्या फटी नीट करा. काही हवे असेल तर मागा, आणि कोणी मागण्याची वाट बघत असेल तर आधी द्या. आणि पेटी बघायला याल तेव्हा तिच्या दारासमोर उभे राहू नका. समोर कोणी उभे राहिले की दमून आलेल्या माश्यांना आत जाता येत नाही, त्या हवेत घिरट्या घालत राहतात. जरा बाजूला उभे राहा. तिथून सगळे दिसते, आणि घरी येणाऱ्याची वाटही मोकळी राहते.